केव्हा बंद पडते, ते सांग

पार्ट विकत आणू नकोस अजून.
हॅव्हरचा दुकानदार तुला कॉइल विकेल, पंप विकेल,
वर एक टोपी फुकट देईल.
आधी सांग, केव्हा बंद पडते?
गार असताना, की तापल्यावर?
आचके देत, की दिवा फुंकावा तशी?

आचके देत मरते तिला पेट्रोल पोचत नसतं.
एकदम मरते तिची ठिणगी गेलेली असते.
एवढं एक माझ्या बापाने मला फुकट दिलं,
बाकीचं मी हात भाजून शिकले.

आयनार उभा होता, स्लेटनांचा धाकटा,
दाराला टेकून, हातमोजे न काढता.
मागे चौऱ्याऐंशीची फोर्ड, सहा सिलिंडर,
मूळ रंग कुठला यावर पैज लागेल अशी.
म्हणाला, कधीही पडते.
म्हटलं, कधीही असं काही नसतं.
कधीही म्हणजे तू लक्ष ठेवलं नाहीस.

अंधार पडेस्तोवर थांबलो. डिसेंबरात तो साडेचारलाच पडतो.
शेडमधले दिवे घालवले. बॉनेट वर, इंजिन चालू,
वायरींवर पाण्याचा बारीक फवारा.
वायर फुटकी असली तर रबरावरून
निळी मुंगी पळताना दिसते.
अख्खं वारूळ पेटलेलं पाहिलंय मी.
हिच्यात एकही नाही.

प्लग काढून ब्लॉकला टेकवला.
टिच्. टिच्. निळी, जाड.
पिवळट असती तर कॉइलला नावं ठेवली असती.
मॉड्यूल खोलला. हा तापला की मान टाकतो
आणि वीस मिनिटांनी, गार होऊन, निष्पाप.
त्याच्याखाली पांढरं मलम लागतं, नखभर.
होतं. कडेपर्यंत सारखं पसरलेलं.
ज्याने बसवला त्याचा हात चांगला, मी म्हणाले.
बाबांनी, मुलगा म्हणाला.
मी बोल्ट परत आवळले.

ओव्हिड अझूरच्या शेवीला एकदा तीन पार्ट घातले मी,
दोष अर्थच्या सैल बोल्टाचा होता.
पैसे घेतले. पुढे तो वारला.
म्हणून आता आधी विचारते.

चल, चालवून दाखव.
फाट्यावर गुरं अडवायची लोखंडी जाळी आहे.
चाकं तिच्यावरून खडखडली
आणि इंजिन गेलं, रेडिओ गेला, हीटरचा पंखा गेला.
हेडलाइट तेवढे बर्फावर तसेच.
नुसती ठिणगी जाते तेव्हा रेडिओ गात राहतो.
तो अर्ध्या शब्दात थांबला, तेव्हा मी खाली बघितलं.

इग्निशनला जुडगा लोंबत होता, ओंजळभर.
मोजल्या. एकोणीस.
ही कशाची?
धान्याच्या एलिव्हेटरची. पाडला तो.
ही?
चर्चची, लोरिंगच्या. घंटा ते वाजवायचे.
ट्रॅक्टरची. लिलावात गेला.
ही माहीत नाही. हीपण नाही.

चाळीस वर्षं एवढं वजन ओढतंय खाली,
आतलं पितळ झिजून केसाएवढं उरलंय,
हादरा बसला की तेवढंही सुटतं.
काढ, म्हटलं.
त्याने तेव्हा हातमोजे काढले.
रिंग कडक, नखं कुरतडलेली. वेळ लागला.
मी काचेवरची वाफ पुसत बसले.

स्विच बदलावाच लागेल. अडतीस डॉलर, वसंतात दे.
तोवर किल्ली एकटी ठेव, सुतळीला बांधून.

परत जाळीवरून गेलो.
जुडगा सीटवर, आम्हा दोघांच्या मधे,
खडखडाटात सगळ्या किल्ल्या एकदम बोलल्या.
इंजिन चालत राहिलं.
पुन्हा एकदा जाऊ या? तो म्हणाला.
काटा पाव टाकीच्या खाली होता.
म्हटलं, वळव.